उजवीकडून ओढलेली रेघ

प्रिय पल्लवी,

बनाक्काचा गुडघा कसा आहे? जिना चढू नको म्हणून सांगून मी थकलो. माझी बहीण माझं कधी ऐकत नाही, निदान आपल्या लेकीचं तरी ऐकते का? धुळादाजींची रक्तातली साखर या खेपेला किती आली? तुझ्या भावाचा, अमृतचा, पाय प्लास्टरातून सुटला का? आणि तू गं? कंपनीत आठ तास उभं राहून तुझी पाठ भरून येते असं अक्का म्हणाली. शिरवळला दूध चांगलं मिळत असेल, ते पीत जा.

इकडं जतला आम्ही बरे आहोत. टँकर तीन दिवसांआड येतो. पांढऱ्या कानाची मेंढी व्याली, जुळी झाली. तुझी मामी अंगानं खणखणीत आहे, भाकरी स्वतः थापते. मेंदूज्वराला आता दोन वर्षं होतील, पण डोक्याचं म्हणशील तर तू गेलीस तेव्हा होतं तसंच. आमच्या लग्नात कोण कुठलं लुगडं नेसलं होतं ते सांगते, पण सकाळी जेवली की नाही ते सांगता येत नाही. रोज विचारते, "आवं, ती पांढऱ्या कानाची व्याली का?" मी म्हणतो, "व्याली की, जुळी हायत!" रोज तिला तेवढाच आनंद होतो. मलाही होतो, खोटं कशाला बोलू.

मिरजेच्या डॉक्टरांनी तुला सांगितलेलं तू चुलीपुढं बसून मला समजावलं होतंस. चौथीत शाळा सुटलेला मी, मेंढरांमागं हिंडताना पुडीचे कागद वाचून शिकलेला. मी ते माझ्या परीनं असं लावून घेतलं. कानाच्या आतल्या अंगाला मेंदूचा एक बोटभर भाग असतो, तो म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीचं दार. नवी आठवण त्या दारातून आत येते आणि मग सावकाश मेंदूच्या वरच्या थरात आपल्या जागी जाऊन बसते. तापानं ते दारच मोडलं. आत बसलेली जुनी मेंढरं शाबूत राहिली, नवं कोकरू मात्र बाहेरच्या बाहेर हरवतं. भीती आणि मायेची बदामाएवढी गाठ शेजारीच असते, ती बचावली. आणि हाताची सवय या दारानं येतच नाही. ती बसते मेंदूच्या पार तळाशी, आणि मानेवरच्या लहान मेंदूत. "मामा, त्या वाटंनं काईतरी आत जाईल की," असं तू म्हणाली होतीस.

आणि तू पाटी आणलीस. नोकरी सोडून दहा महिने आमच्याकडं राहिलीस. रोज दुपारी तिचा हात धरून तिचं नाव गिरवून घ्यायचीस. रोज ती म्हणायची, "मला न्हाई येत बाई, मी अंगठेवाली. आन् तू कुणाची गं?" रोज तू हसून सांगायचीस, "बनाक्काची पल्लवी." मी मात्र चेष्टा करायचो, "सकाळचं दुपारी ऱ्हाईना, पाटी कशाला?" मग त्या दिवशी तू ट्रंकेतून तिचं लुगडं काढत होतीस आणि तिनं चोर म्हणून साऱ्या वस्तीसमोर तुला हाकललं. जाताना तू म्हणालीस, "मामा, मी असले काय, नसले काय, मामीला सारखंच." वर्ष झालं, तू आली नाहीस. तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही.

परवा टँकरच्या खेपा वाढवण्यासाठी ग्रामसभा होती. शिपायानं हजेरीची वही पुढं केली, शाईचं पॅड उघडलं. मी सवयीनं मामीचा अंगठा धरला. तिनं हात झटकला, शिपायाच्या खिशातला पेन ओढला आणि एकेक अक्षर काढलं. सगळी अक्षरं झाल्यावर वरची रेघ उजवीकडून डावीकडं ओढली. अशी उलटी रेघ आपल्या सगळ्या गोतावळ्यात तू एकटीच ओढतेस. मग तिनं डावा तळहात पुढं केला आणि तसाच धरून राहिली. शिपाई म्हणाला, "आज्जी, सहीला बक्षीस पायजे व्हय?" सभा हसली. मामी ओशाळली. हात का पसरला ते तिचं तिलाच कळेना. मला कळलं. पाटी भरली की तू त्याच हातावर शेंगदाणे आणि गुळाचा खडा ठेवायचीस. मी उठलो, समोरच्या दुकानातून दोन्ही आणलं आणि तिच्या हातावर ठेवलं. तेव्हा कुठं तिनं मूठ मिटली.

मोबाइलवर सहीचा फोटो पाठवा, असं कुणी तरी म्हणालं. पण ही शाई तुझ्या बोटाला लागावी म्हणून पत्र लिहायला बसलो. खालची सही मामीची आहे, मी हात धरलेला नाही. सही करताना "मला न्हाई येत" म्हणालीच. उद्या तू आलीस तरी "कुणाची गं?" विचारेल. पण पाटी झाली की हात तुझ्यापुढंच करेल. तू असणं आणि नसणं सारखं नाही, पोरी. हे तुला त्याच दिवशी सांगायला हवं होतं, पण मलाच ठाऊक नव्हतं. तुझे उपकार मी कसे फेडू? पाटी पुसून ठेवली आहे, सवडीनं ये. तोवर मामीच्या नावानं चार ओळी लवकर लिही. मी तिला वाचून दाखवीन. तुझं एकच पत्र आम्हाला रोज नवं पुरेल.

तुझाच,
अर्जुनामामा

हरणाबाई