उलटी फिरणारी किल्ली

बोलायचंच नव्हतं तर माईक मागितलास कशाला? नाही, आधी हे सांग. अख्खा हॉल तुझ्याकडे बघतोय, तुझ्या बाजूचे लोक टाळ्यांसाठी हात वर करून बसलेत, तू माईकवर दोनदा टकटक करतोस, "ऐकू येतंय का?" विचारतोस, सगळे "होऽऽ" म्हणतात, आणि तू खाली बसतोस? तुझ्या एकेका मुद्द्याला मी उत्तर पाठ करून आले होते. ते आता कुणाला ऐकवू? भिंतीला?

बरं. रीतसर लिहिते, नाहीतर आई म्हणेल, एवढं शिकवलं ते पाण्यात गेलं.

रविवार, सकाळ.

ती. दादा,
नमस्कार. (अर्धाच. उरलेला तू तोंड उघडलंस की.)

घरी सगळे ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण ती स्वतः त्याहून मोठ्यांदा कुरकुरते, त्यामुळे गुडघ्याचं काही ऐकू येत नाही. मोरीतला नळ गळायचा थांबला. कुणी थांबवला ते पुढे सांगते. माझं काम जोरात चालू आहे. शुक्रवारच्या सभेत "आधी आपली माणसं!" म्हणून जे काका बोंबलत होते ना, त्यांच्या वरच्या दातांचा संच मीच बनवलाय. एवढं ओरडले, पण एक दात हलला नाही. खरं सांगते, आधी अभिमान वाटला आणि मग राग आला. आमच्या लॅबमध्ये कुणाची मतं बघून कवळी करत नाहीत. करत असतो तर भिंतीकडची, म्हणजे तुमच्या बाजूची, निम्मी माणसं आज बोळकी घेऊन बसली असती.

आईचं बघितलंस ना? सकाळी मला म्हणाली, "मी खिडकीकडेच बसणार, येऊ देत बिचारे." आणि हॉलमध्ये शिरल्या शिरल्या तुझ्या मागे, भिंतीकडे. मी डोळे वटारले तर तिथूनच म्हणते, "पोरगा बोलायला उभा राहणार नि मी समोरच्यांत बसू? लोक काय म्हणतील?" आपल्या गावात हात वर करत नाहीत, बसल्या जागीच मोजतात, खिडकीकडे 'हो' आणि भिंतीकडे 'नाही', हे ती सोयीस्कर विसरते. तिचं मत तुझ्या खात्यात पडणार होतं, दादा. आणि घरी ती काय करते हे तुला कळलं तर... पण ते नंतर.

तुझं म्हणणं मला पटत नाही असं नाही, हेही लिहून टाकते. बाबांची गिरणी बंद झाली तेव्हा कुणी सभा घेतली नाही. गिरणी कामगारांचं वसतिगृह रिकामं झालं आणि त्याला कुलूप ठोकायला तुलाच बोलावलं. तू त्या दिवशी जेवला नव्हतास. आता दुसरीकडच्या लढाईतून पळून आलेल्यांसाठी तेच वसतिगृह रंगवायचं म्हटल्यावर तू चिडणार, हे मला कळतं. शाळेत बाक कमी आहेत, आपल्याच पोरांना लग्नानंतर खोली मिळत नाही, सगळं खरं. तू हे घरात जेवताना बोलायचास तेव्हा मी ताट आपटायचे, तू दार आपटायचास, आणि शेवटी तू गाशा गुंडाळून दुकानाच्या माळ्यावर राहायला गेलास. जाताना म्हणालास, "माझी खोली कुणी उघडायची नाही."

हं. आता त्या नळाचं.

तुला आठवतं, गावाबाहेरच्या खेळांच्या हॉलमध्ये या लोकांना तात्पुरतं ठेवलंय? पडदे लावून घरं केलीत. एका घरातल्याला शिंक आली की सगळ्या घरांना कळतं. आमच्या लॅबने तिथे दात तपासायचं शिबिर घेतलं. तिथे एक आजोबा होते, त्यांची खालची कवळी पळापळीत हरवलेली. मी माप घेतलं. त्यांची सून शेजारी उभी राहून माझ्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवून होती, जणू मी जबडा काढून नेणार आहे. सोबत तिची मुलगी. नवरा कुठे आहे ते तिलाही माहीत नाही, मी विचारलं नाही. पुढच्या खेपेला कवळी बसवली आणि आजोबांनी माझ्याच डब्यातलं सफरचंद उचलून कचकन चावलं. सगळा हॉल वळून बघायला लागला. आणि आजोबा रडतायत की हसतायत हेच कळेना. तोंडात सफरचंद होतं.

मी घरी येऊन आईला सांगितलं. आईने बराच वेळ वाटाणे सोलले. मग म्हणाली, "वरती जागा पडूनच आहे."

बस. झालं सांगून. वरती जागा म्हणजे कुठली, ते तुला ठाऊक आहे. आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर एकच खोली आहे.

तुझे पतंग, तुझे बूट, ती तुटकी सायकल सगळं नीट बांधून जिन्याखाली ठेवलंय. आई म्हणाली, "त्याला सांगू नकोस, भडकेल. जेवायला आला की बघेल आपोआप." तू जेवायला आलाच नाहीस. मीही सांगितलं नाही. आईसारखं तुझ्या भडकण्याला घाबरून नाही. तू "नाही" म्हणाला असतास तर मला ते ऐकावं लागलं असतं, म्हणून. खोली तुझी आहे. मला माहीत होतं आणि मी उघडली.

आणि ऐक, वाईट वाटतंय असं लिहिणार होते, पण लिहवत नाही. घरात मजा आहे रे! आजोबांनी नळ दुरुस्त केला, मग खिडकीची बिजागरी, आता आईच्या शिलाई मशीनवर डोळा आहे. आई त्यांच्याशी तिच्या भाषेत भांडते, ते त्यांच्या भाषेत, आणि दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटतं. सुनेला आई "वरची" म्हणते. "वरचीला विचार, चहा घेणार का." छोटी जिना चढताना पायऱ्या आपल्या भाषेत मोजते आणि दर वेळी वेगळा आकडा येतो. जेवताना इतका गोंगाट असतो की मला ताट आपटायला मिळतच नाही.

आता तुझ्या भागाकडे येते. तुला वाटतंय मला माहीत नाही. मला माहीत आहे.

पडदा लावून राहिलेल्या पोरीला खऱ्या दाराचं केवढं कौतुक! पण इतके दिवस त्या दाराला कुणी कुलूप लावलंच नव्हतं. बुधवारी छोटी हट्टाला पेटली, मला कुलूप लावायचंय. मी लॅबमध्ये होते, आई बाजारात. वरचीने किल्ली घातली, फिरवली, फिरेना. जोर केला. तरी फिरेना. तिला वाटलं, आपण मोडली. दुसऱ्याचं घर, दुसऱ्याची किल्ली. आता आम्हाला काय सांगायचं म्हणून ती गुपचूप, छोटीला घेऊन, विचारत विचारत कुलूपवाल्याकडे गेली.

गावात कुलूपवाला एकच.

चूक माझी. ते कुलूप तू शिकाऊ असताना केलेलं, तुझं पहिलं, आणि ते उलटं फिरतं. बाबा तेव्हा चिडवायचे, "चोर आला तर बिचारा वेडा होईल." आपल्याला इतकी सवय की सांगायला सुचलंच नाही. या घरात डावीकडे फिरवायचं हे आपण नाक कुठे आहे तसं जाणतो.

तिने मला नंतर सगळं सांगितलं, तोडक्यामोडक्या शब्दांत, हातवारे करून. म्हणे, दुकानदाराने किल्ली घेतली आणि कितीतरी वेळ नुसती हातात धरली. मग विचारलं, "फिरत नाही?" ती म्हणाली, "मी मोडली." तो म्हणाला, "मोडली नाही. डावीकडे फिरवा." ती म्हणाली, "तुम्हाला कसं माहीत?" तू म्हणालास, "काही कुलपं तशी असतात."

मग म्हणे विचारलंस, घरी आणखी कोण. तिने सांगितलं, सासरे, त्यांचे हात थरथरतात. तू बसून एक नवीन किल्ली घासलीस, तिचं डोकं हे एवढं मोठं, चमच्याएवढं, मुठीत धरता येईल असं. छोटीच्या हातात कानस दिलीस आणि कडा तिच्याकडून गुळगुळीत करून घेतल्यास. ती पोरगी तेव्हापासून म्हणते किल्ली तिनेच बनवली.

वरची मला म्हणाली, "तुमच्या गावात एक चांगला माणूस आहे. बोलत नाही फार." तू कोण ते तिला माहीत नाही. ती सभांना येत नाही. ज्यांच्याबद्दल सभा असते त्यांना कुणी बोलावत नाही.

आणि दोन दिवसांनी तू माईक घेतलास.

म्हणून विचारते, गप्प का बसलास? तुझी माणसं म्हणतात, घसा बसला होता. अध्यक्ष म्हणतात, मुद्दाम गोंधळ घातला. आणि वर जागेवर परत जायचं सोडून तू स्टेजच्या पायरीवर बसलास, बरोब्बर मधोमध! मोजणारा येऊन विचारतो, "तुम्हाला कुठे धरू?" आणि तू म्हणतोस, "थांबा जरा." त्यावरून जी हाणामारीची वेळ आली, त्यामुळे मोजणी आज संध्याकाळवर गेली.

दादा, पायरीवर बसून चालणार नाही. तू जिथे बसशील तिथे तुझ्यामागे निदान वीस माणसं बसतील, आई धरून. भिंतीकडे बसायचं असेल तर बस. मी तोंड वाकडं करीन, पण बोलणं सोडणार नाही, पुन्हा नाही. फक्त त्याआधी दुपारी घरी जेवायला ये. ज्यांच्याविरुद्ध बसायचं त्यांच्याशेजारी एकदा बसून जेव. मग भिंत काय आणि खिडकी काय, तुझं तू ठरव.

पाकिटात तुझी जुनी किल्ली आहे. मूळ. त्यांच्याकडे तू केलेली आहे. खोली रिकामी हवी असेल तर ती तुझी आहे, मी भांडणार नाही. पण ते तू स्वतः वर जाऊन सांगायचंस. आजोबांना, तोंडावर. ते दार उघडतील तुझ्याच किल्लीने.

आईने पाचाऐवजी सहा पानं घ्यायला सांगितलीत. मी विचारलं, सहावं कुणाचं, तर म्हणाली, "असू दे, एखादं जास्तीचं."

हे मी तुझ्या दुकानाच्या पायरीवर बसून लिहितेय, गुडघ्यावर कागद ठेवून, म्हणून अक्षर असं. माळ्यावर तुझे पाय वाजतायत. आता जिन्यावर. तू आतून कडी काढतोयस. शटरखालून सरकवते आणि पळते, उत्तर इथे नकोय मला.

तुझीच,
खिडकीकडची