वादळाच्या सुट्टीची ओळ

बुधवार, १७ सप्टेंबर, सकाळी ९.४०

१. काल वादळामुळे तैपेईला सुट्टी. शेअर बाजार बंद.
२. आमच्या प्रोग्रॅमला हे कळलं नाही. भाव हलत नाही म्हणजे बाजार शांत, असं त्याने धरलं. शांत बाजारात तो खरेदी करतो.
३. दिवसभरात खरेदीच्या ४१२ ऑर्डर रांगेत लागल्या.
४. आज नऊला बाजार उघडताच सगळ्या एकदम सुटल्या.
५. ९.०२ ला आमच्या विभागातल्या को दादांनी मशीनची वायर उपटली.
६. चूक माझी नाही.

दुपारी १२

मी आकृती काढते, तिच्यावरून यंत्र कोड लिहितं. त्या कोडला कोणी हात लावायचा नाही, हा माझा नियम भिंतीवर चिकटवलेला आहे. को दादा पन्नाशीचे, अजून हाताने कोड लिहितात. त्यांचं निदान: रविवारी मी सर्व्हरवरचं कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट फेकलं, म्हणून मशीन रुसलं. "बाईसाहेब, मशीन गुणी राहावं म्हणून सगळं गाव त्याच्यापुढे हाच हिरवा खाऊ ठेवतं. तुमच्या मशीनचा काय उपास?" सगळे हसले. पाकिटाची मुदत मे महिन्यातच संपली होती, हे मी शांतपणे सांगितलं. "मग तर रुसणारच!" म्हणाले.

मी चिडलेली नाही. डबा तसाच परत नेणार आहे, एवढंच.

गुरुवार, १८ सप्टेंबर

आमच्या प्रमुख जियान मॅडम सोमवारी ठरवणार: सगळे प्रोग्रॅम माझ्या आकृतीवरून करायचे, की मी को दादांच्या हाताखाली जायचं. त्यांनी विचारलं, मग गेल्या वर्षीच्या वादळात कसं निभावलं?

जुना कोड उघडला. त्यात वादळाच्या सुट्टीची एक ओळ आहे. आकृतीत नाही. म्हणजे कोणीतरी ती हाताने घुसडली! रविवारी मी आकृतीवरून कोड नव्याने काढला आणि ती पुसली गेली. नियम मोडणारा सापडलाच म्हणायचा. को दादा. दुसरं कोण?

सगळ्या विभागाला पत्र धाडलं: ओळ कोणाची, उद्या बारापर्यंत कळवावं. को दादा म्हणाले, "अगं, बदलांची नोंद असते ना? ती बघ, पत्रं कसली लिहितेस?" नोंद मी कधीही बघू शकते. कबुली त्यांनी द्यायला हवी.

शुक्रवार, १९ सप्टेंबर, सकाळी ९.१५

बघितली. गेल्या ऑक्टोबरातली ओळ, सकाळी ८.५१ ची. शेजारी टीप: "तात्पुरतं. पुढच्या आठवड्यात आकृतीत घालणार."

नाव माझं.

दुपारी १२.०५

पत्राला एकही उत्तर नाही. को दादांना बुधवारीच कळलं होतं. मॅडमना बोलले नाहीत. "म्हटलं, तूच शोधशील." हा चांगुलपणा मला सहन होत नाही. भिंतीवरचा नियम काढला. चिकटपट्टीबरोबर रंगही निघाला.

पाठवलेल्या पत्राची प्रत:

को दादा, ती ओळ माझी होती. मॅडमना मी सांगितलं आहे. वादळाचा दिवस आता आकृतीत घातला आहे. कृपया तपासून द्या. सोमवारी पुन्हा वादळ आहे म्हणतात. हिरवं पाकीट कोणत्या दुकानात मिळतं, तेही सांगा. रविवार, २१ सप्टेंबरपर्यंत उत्तर द्यावं.