सुधारलेलं अक्षर

ता. ४ मार्च
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. काय रे हे अक्षर? शहरभर दुकानांच्या पाट्या रंगवणारा तू, आणि पत्र जणू मुंगीने शाईत पाय बुडवून लिहिलेलं. तुझी भाची आणि मी पोट धरून हसलो. फिटच्या गोळ्या वेळेवर घेतोस ना? दोन वर्षं फिट नाही, असंच सांभाळ.
माया आहेच, पत्र तेवढं लवकर टाक.
तुझी ताई

ता. १९ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि. तू हसलीस, मला काही हसू आलं नाही. या गोळ्यांनी हात थरथरतो, केस गळतात, दिवसा पेंग येते. परवा एका पाटीवरची वेलांटी तीनदा पुसली. दुकानदाराने तोंडावर विचारलं, पिऊन येतोस का. डॉक्टर म्हणतात, गोळी बदलून बघू, पण मनाने बंद करू नकोस. तोवर पाट्या काय पायाने लिहू?
रागावलो नाही. लोभ कमी करू नकोस.
तुझा धाकटा

ता. ३० एप्रिल
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र बघून डोळे निवले. पुन्हा तेच मोत्यासारखं अक्षर. शाळेत माझ्या वर्गाला दाखवलं, सगळ्या शिक्षकांनाही. बदललेली गोळी मानवली म्हणायची. तिचं नाव कळव, आमच्या शिपाईमामांच्या मुलीलाही असाच त्रास आहे.
असंच लिहीत जा.
तुझी ताई

ता. २१ मे
चि. धाकट्यास,
तुझ्या बायकोचं पत्र आलं. मार्चपासून तू डॉक्टरांकडे फिरकलेलाच नाहीस आणि गोळ्यांची बाटली भरलेलीच आहे. बोलता बोलता दोनदा मध्येच गप्प झालास, हातातला कप सुटला. ज्या अक्षराचं मी वर्गभर कौतुक केलं, ते कशामुळे सुधारलं ते आता कळलं. चूक माझी, मी हसायला नको होतं. आजच डॉक्टरांकडे जा. शिडीवर पाय ठेवू नकोस. अक्षर कसंही येऊ दे, मी लावून लावून वाचीन.
तुझी ताई

ता. २८ मे
ती. वन्संना,
सा. न. वि. वि. तुमचं पत्र पोस्टमनने त्यांना शिडीपाशीच दिलं. मी डबा घेऊन गेले होते, आधी वाचा म्हटलं. एकच अक्षर राहिलंय, ते लिहून वाचतो म्हणाले आणि पत्र खिशात घालून वर चढले. वरच फिट आली. डोक्याला मार आहे, चार दिवस शुद्ध नाही. डॉक्टर काहीच नक्की सांगत नाहीत.
पत्र अजून फोडलेलं नाही. तुमचा आवाज तरी ते ओळखतील असं वाटतं. तुम्हीच येऊन वाचून दाखवा.
वाट पाहते.
तुमची भावजय