विशेषतः कोंबड्या

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (खरं तर सप्तांगच. डावा गुडघा हल्ली टेकत नाही, तेवढं एक अंग सोडून बाकी सगळा मी तुझ्या पायाशी आहे असं समज.) तुझा खोकला कसा आहे? औषध वेळच्या वेळी घेतोस ना, की अजून खिडकीतल्या कुंडीलाच पाजतोस? मागे आलो होतो तेव्हा ते रोप तुझ्यापेक्षा टवटवीत दिसत होतं, म्हणून विचारतो. जेवतोस ना नीट? इकडे आम्ही दोघं अगदी मजेत आहोत. आता मजेत म्हणजे कसे, ते सांगायलाच पत्र लिहायला बसलोय, तेव्हा चष्मा लाव आणि बाजूला पाण्याचा तांब्या घेऊन बस.

नवं घर छान आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे अंगणाचा एक पट्टा. त्याला इथे गार्डन म्हणतात, म्हणजे त्यात काही उगवत नाही. लेकीने आणि जावयाने हट्टाने घेऊन दिलं, आणि आल्यावर दोघंही म्हणतात, बाबा, इथे किती शांत आहे! शांत आहेच. इतकं शांत की समोरच्या घरात कुणी चहात साखर ढवळली तरी किती चमचे ते कळतं. वसाहतीची एक छापील नियमावली आहे आणि घर ताब्यात घेताना आम्ही दोघांनी तिच्यावर झोकात सह्या ठोकल्या. ती आधी वाचायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (तूही जन्मात काही वाचून सही केलेली नाहीस, तेव्हा हसू नकोस.) सगळं सामान बांधून झालं, ट्रक येईना, वेळ जाईना, म्हणून ती उघडली. मधल्या एका पानावर लिहिलेलं की रहिवाशांना कुत्रा, मांजर व शोभेचे मासे वगळता कोणताही प्राणी अथवा पक्षी बाळगता येणार नाही, विशेषतः कोंबड्या. दादा, तो ‘विशेषतः’ बघ! उद्या एखाद्याने सुसर आणली तर कमिटी बसून विचार करेल, पण कोंबडीचं नाव काढायचं नाही. कुणाच्या कोणत्या कोंबडीने यांचं काय घोडं मारलं होतं देव जाणे.

आमच्या तिघी तुला ठाऊकच आहेत. एक मास्तरीण, जी दिवसभर मान ताठ करून सगळ्यांच्या चुका काढत फिरते. दुसरी गुबरी, तिला खाण्यापलीकडे जग नाही. आणि तिसरी धाकटी, अंड्यातून बाहेर आल्यापासून हिच्या पदराखाली वाढलेली, जिच्याशी ही माझ्यापेक्षा जास्त आणि जास्त गोड बोलते. लेक सासरी गेल्यापासून हिच्या घशातलं हसू पार आटलं होतं, ते या तिघींनी परत आणलं, हे तुलाही माहीत आहे. तरी मी हळूच सुचवून पाहिलं की कुणाच्या तरी शेतावर त्यांची चांगली सोय लावू. ही उठली आणि बांधलेलं सामान सोडायला लागली. आधी पोळपाट काढला, मग लाटणं काढलं. लाटणं हातात आल्यावर मी म्हटलं, बरं बरं, नेऊ या.

नेल्या कशात, तर आपल्या बँडच्या मोठ्या ढोलाच्या पेटीत. (बँड मोडला तेव्हा ती पेटी माझ्या गळ्यात मारलीस, त्याबद्दल इतकी वर्षं तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या, त्या आज परत घेतो.) फाटकावर वॉचमनने विचारलं, आत काय? मी म्हटलं, ढोल. तेवढ्यात आतून मास्तरणीने घसा खाकरला. मी म्हटलं, कातडं सैल झालंय. त्याने सहानुभूतीने मान हलवली आणि पेटी उचलायला हात दिला. बँडवाल्याचं काहीही लोकांना खरं वाटतं, हा आपल्या धंद्याचा एक मोठाच फायदा आहे.

मागच्या पट्ट्यात कपडे वाळवायची अडगळीची खोली आहे, तिच्यात तिघींचं बिऱ्हाड थाटलं. दाणापाणी झालं, भुसा पसरला, ही गुणगुणायला लागली, मला वाटलं सुटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरणीने अंडं दिलं. आता अंडं देऊन गप्प बसेल तर ती मास्तरीण कसली! तिने तो पराक्रम साऱ्या वसाहतीला ऐकवला. चार तुटक स्वर आणि पाचवा एकदम वर चढवलेला, बरोबर काळी चारमध्ये. (माझा उजवा कान हल्ली कामातून गेलाय, पण सुराला डावा पुरतो.) समोरच्या खिडकीचा पडदा हलला. हिचा चेहरा पांढराफटक पडला. आणि दादा, मला त्या क्षणी कोण जाणे कुठून बुद्धी झाली, मी खुंटीवरचं क्लॅरिनेट उचललं आणि तेच पाच स्वर जोरात वाजवले. पुन्हा मास्तरीण, पुन्हा मी. पडदा जागच्या जागी गेला.

तेव्हापासून आमचा रोजचा रिवाज झाला. कोंबडी ओरडो न ओरडो, सकाळी चहा झाला की मी मागच्या दारात स्टुलावर बसून वाजवतो, म्हणजे लोकांच्या कानाला सवय राहते. ओरडली की तिच्या आवाजावर आवाज चढवायचा, नाही ओरडली तर तिच्यासारखं वाजवायचं. आयुष्यभर लग्नांत, उद्घाटनांत, शाळांच्या मिरवणुकांत रुबाबात वाजवलं, आणि आता म्हातारपणी एका कोंबडीची साथ करतोय. पण ही स्वयंपाकघरातून हसते, ते ऐकू येतं, आणि मग मला कशाचंच काही वाटत नाही.

मग एक दिवस कमिटीचं बोलावणं आलं. सभेला दोघांनी यावं, आवाजाबद्दल तक्रार आहे. झालं! मला वाटलं, भरले आपले दिवस. रात्रभर पाठ करून मी एक भाषण तयार केलं, त्यात कोंबडी हा मुळात पक्षीच नाही असा एक मुद्दा होता. (तो तू वाचला असतास तर तुलाही पटला असता.) सभेत सेक्रेटरी उभे राहिले. हे गृहस्थ वजनमापं तपासायच्या खात्यातून निवृत्त झालेले, शब्दसुद्धा तोलून टाकतात. त्यांनी खूप आढेवेढे घेतले, पाणी प्यायले, आणि म्हणाले की तक्रार आमच्या क्लॅरिनेटबद्दल आहे. वादकाच्या वयाचा मान राखूनही सांगणं भाग आहे की ते ऐकताना कुणीतरी कोंबडीची मान मुरगाळतंय असा भास होतो.

दादा, माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी? ज्याच्या फुंकीवर तू स्वतः एकदा शाबास म्हणाला होतास, तो मी? अहो, ती कोंबडीच आहे, माझा काय संबंध, असं अगदी जिभेच्या टोकावर आलं. एक वाक्य बोलायचा अवकाश, माझी अब्रू परत आली असती. पण ते बोललो असतो तर संध्याकाळच्या आत तिघींना घराबाहेर काढावं लागलं असतं. मी हिच्याकडे पाहिलं. हिने पदराने तोंड झाकून घेतलं होतं आणि खांदे हलत होते. मग मी उभा राहिलो आणि हात जोडून सांगितलं, मंडळी, माफ करा, वय झालं, माझी फुंक गेली आता. मला फार वाईट वाटलं, आणि सांगू, मनातून फार बरंही वाटलं.

याचा एक परिणाम असा झाला की सगळी वसाहत माझ्यावर दया करायला लागली. आमच्या भिंतीला भिंत लागून दातांची एक डॉक्टरीण राहते. तिने मला रस्त्यातच धरलं आणि म्हणाली, काका, दोष तुमचा नाही, पुढच्या दाताचा आहे, हवा सुटते. मला खुर्चीवर झोपवलं, जबडा उघडला आणि चांगला धडधाकट दात घासून दिला. कोंबडीच्या आवाजासाठी माणसाचा दात घासल्याचं तू कुठे ऐकलंयस? आता ती रोज सकाळी भिंतीला कान लावून असते आणि भेटली की म्हणते, पुष्कळ फरक आहे हं काका! मी तोंड मिटून मान डोलावतो.

एवढ्यावर निभावलं असतं. पण गेल्या आठवड्यात पहाटे पहाटे मागून असा काही आवाज आला की मी अंथरुणात उठून बसलो. लांब, खणखणीत, शेवटी वळण घेऊन खाली आलेला. आधी वाटलं स्वप्नात तू तुझं ते पितळी कॉर्नेट वाजवतोयस. जाऊन बघतो तर पालथ्या पाटीवर उभी राहून, छाती काढून, धाकटी आरवतेय! म्हणजे आरवतोय! पदराखाली वाढवलेली ही आमची लाडकी लेक चांगला तुरेबाज कोंबडा निघाली. ही मात्र अजून तिला बाई माझी ती, असंच म्हणते. मी लगेच क्लॅरिनेट तोंडाला लावलं, पण छे! लाकडी वाद्यातून तो पितळी आवाज निघतोय होय? सकाळी सेक्रेटरींनी फाटकाशी गाठलंच. नवीन वाद्य आणलंत का, म्हणून विचारलं. मी काहीतरी उत्तर दिलं आणि वेळ मारून नेली.

तर असं सगळं आनंदात चाललंय. आमची काळजी करू नकोस, स्वतःला जप. थोरल्यांच्या आशीर्वादाला आसुसलेला,

तुझा धाकटा

ता. क. – सेक्रेटरींना उत्तर काय दिलं ते वर लिहायचं राहिलं. मी म्हटलं, माझे थोरले बंधू आलेत राहायला, ते कॉर्नेट वाजवतात, पहाटे रियाज असतो. तेव्हा वसाहतीच्या दृष्टीने तू गेला आठवडाभर इथेच आहेस. सर्दी झाल्यामुळे बाहेर पडत नाहीस. डॉक्टरीणबाईंनी तुझ्यासाठी वाफ घ्यायचं भांडं पाठवलंय, आणि सेक्रेटरी तुला भेटायला फार उत्सुक आहेत. तरी पत्र मिळताच, कॉर्नेट घेऊन, जमल्यास मागच्या दाराने ये.

ता. क. दुसरा – हे बघ, कोंबड्याचं सोड. वहिनी गेल्यापासून तू कॉर्नेट पेटीतून काढलेलं नाहीस आणि माझ्याकडे ये म्हटलं की विषय बदलतोस. आपल्या बँडमध्ये तू सूर धरल्याशिवाय मी कधी फुंकर घातली नाही. इथे रोज सकाळी स्टुलावर बसलो की अजूनही डावीकडे बघतो. डावीकडे भिंत आहे. अंगणाकडची खोली रिकामी आहे. ये ना रे.

ता. क. तिसरा, माझा – मोठ्या भाऊजींना नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्या हातात देऊन हे क्लॅरिनेट पुसायला गेलेत, तेवढ्यात लिहिते. कोंबड्यांचं सगळ्या वसाहतीला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे. सेक्रेटरींची बायकोच मागच्या दाराने आली होती, ताजी अंडी मिळतील का म्हणून. आता घरोघरी जातात. तो ‘विशेषतः’ पुढच्या सभेत खोडणार आहेत. सभेतली ती तक्रार खरोखर क्लॅरिनेटचीच होती. त्या आठवड्यात मास्तरणीची पिसं झडत होती, तिने अंडं दिलं नाही की तोंड उघडलं नाही. डॉक्टरीणबाईंनी दाताचं निमित्त काढलं ते यांना लागू नये म्हणून. आणि पदराआड मी रडत नव्हते, हसू आवरत होते. पण हे उठून हात जोडून म्हणाले, माझी फुंक गेली, तेव्हा मात्र रडले. इतका अभिमानी माणूस, माझ्या तीन कोंबड्यांसाठी. यांना यातलं काही सांगू नका. तुम्ही मात्र या. तुमच्यापासून लांब आल्यापासून यांचा सूर खरंच उतरलाय, आणि तो कोंबडीला काही चढवता येत नाही. खोली झाडून ठेवलीय. कुंडीही घेऊन या, पण इथे औषध मी समोर उभी राहून देईन.