डायनासोरला हार

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार

हार घातला मेल्यांनी! आज खंडेनवमी. शॉपफ्लोअरवर प्रेसपासून फोर्कलिफ्टपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. आणि माझ्या सर्व्हरला? आमच्या आयटीतल्या कुलदीपने त्याला हार घातला तो असा, की भिंतीवरच्या फोटोलाच घालावा! वर उदबत्ती लावून हात जोडले — "जयमालाताई, डायनासोरच्या आत्म्यास शांती लाभो." अख्खं आयटी खिदळलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू! पण आमच्या कंपनीचा चाकणमधून निघणारा एकेक गिअर हाच डायनासोर मोजतो, चलन काढतो, ट्रक सोडतो. मी नोकरीला लागल्यापासून एकदाही आडवा पडलेला नाही.

३ ऑक्टोबर

मालकांनी बोलावलं. मारुतराव साहेबांचं म्हणणं सरळ असतं. "जयमालाबाई, तुम्ही रिटायर झाल्यावर हे चालवणार कोण? एक पोरगं हात लावीना. दिवाळीनंतर दोघं तयार करून दाखवा, नाहीतर मी नवी सिस्टीम घेतो." बरोबर आहे त्यांचं. त्याचाच राग येतो!

६ ऑक्टोबर

कुलदीपला विचारलं, डायनासोर शिकतोस का? राजगुरुनगरचा गडी, डोकं तल्लख, जीभ त्याहून तिखट. "ताई, बायोडाटात एएस-फोर-हंड्रेड लिहिलं तर पोरगी मिळंल का? म्हणतील, ह्यो आत्ताच रिटायर हाय!" शेजारची वर्षाली म्हणाली, "काळा पडदा, हिरवी अक्षरं. माऊससुद्धा चालत नाही म्हणे."

म्हणे! दोघांना सुनावलं, "तुम्ही पाहिलंय का कधी?" एएस-फोर-हंड्रेड हे त्याचं नावसुद्धा केव्हाच बदललं. आत पायथन चालतं, गिट चालतं, आजच्या पोरांची सगळी हत्यारं. पण ह्यांच्या डोक्यात ते अजून नव्वद सालातच बसलंय. जेवताना डबा जोरात आपटला. भाजी सांडली ती माझ्याच साडीवर.

७ ऑक्टोबर

सुचलं! उद्या मशीनचं नावच घ्यायचं नाही.

८ ऑक्टोबर

पोरांच्या रोजच्या एडिटरमध्ये आमचा ट्रक सोडण्याचा प्रोग्राम उघडून दिला — नव्या पद्धतीने लिहिलेला. म्हटलं, एक चूक आहे, शोधा. वर्षाली वाचत गेली. "स्वच्छ लिहिलंय की! कुठली लँग्वेज?" मी ऐकलंच नाही असं दाखवलं. कुलदीपने चूक काढली, वर हौसेने पायथनची स्क्रिप्ट जोडली — रिकामे परतणारे ट्रक दाखवणारी. चालली! पठ्ठ्याने टेबलावर थाप मारली. "काय पळतंय राव! सर्व्हर कुठं, क्लाउडवर?"

मी काचेपलीकडे बोट दाखवलं. झेंडू अजून तिथेच लटकत होता.

मग कुलदीप — "ताई, ही चीटिंग हाय!"

असू दे. चहा मीच पाजला. काय गोड लागला आज!

१५ ऑक्टोबर

आता मलाच बसायला जागा मिळत नाही. वर्षालीने ब्राउझरमध्ये ट्रकांचा बोर्ड केलाय, इतका देखणा की गेटवरचे ज्योतीरामभाऊ मोबाइलवर बोट फिरवत ट्रक सोडतात. आणि कुलदीप दुपारी फोनवर हिंजवडीतल्या मित्राशी भांडत होता. "आरं, तू पाह्यलंय का कधी? मग बोलू नगंस!" माझंच वाक्य, चक्क ढापलं! मी झेरॉक्स मशीनच्या आडून सगळं ऐकलं. उगाच दोन कागदही काढले. फार बरं वाटलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

साहेबांना बोर्ड दाखवला. हरखले! "वा! शेवटी नवी सिस्टीम आणलीतच. मग ते जुनं धूड उद्याच भंगारात काढा."

मी आ वासला. तेवढ्यात कुलदीप ताडकन उठला. मालकापुढे! "न्हाई साहेब. त्याला हात लावायचा न्हाई. ह्ये समदं त्येच्यावरच चालतंय. आमचं हाय ते."

आमचं, म्हणाला!