माझ्या स्वभावाची निर्दोष सुटका

डेन बॉस, मंगळवार

प्रिय गोनी,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, तू मागितले नसलेस तरी. तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या नवऱ्याला माझा नमस्कार सांग, पण आधी ऐकण्याचं यंत्र कानात घालून (त्याच्या, तुझ्या नव्हे). मी बरी आहे. नुसती बरी नाही, निर्दोष आहे, आणि हे पत्र म्हणजे त्या निकालाची प्रत समज.

माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं, हे तुला ठाऊकच आहे. दोन्ही वेळा दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि रक्तदाब फार आहे म्हणून मला आल्या कपड्यांनिशी घरी पाठवलं. मधल्या काळात हेडविगने माझ्या सायकलची किल्ली काढून घेतली. "आई, काल तू टपालपेटीला घंटी वाजवलीस," म्हणाली. (वाजवली. पेटी नारिंगी होती आणि एखाद्या आगाऊ बाईसारखी मध्येच उभी होती.) स्वतःच्या पोटच्या पोरीने किल्ली घ्यावी! सायकल सोडून बाजारात पायी जाताना दिसले, तर शेजारच्यांनी माझी प्रकृती हळू आवाजात विचारायला सुरुवात केली.

रक्तदाबाचं कारण शोधायला कोणालाच वेळ लागला नाही. माझा स्वभाव! घरच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं, हेडविगने तेच, आणि तू तर फोनवर म्हणालीस, "ताई, तू भांडणं सोड, म्हणजे रक्तदाब तुला सोडेल." वर तुझ्या त्या मैत्रिणीच्या, आनलोटच्या, श्वासाच्या वर्गात मला घातलंस. वर्ग कुठे, तर आपल्याच शाळेच्या प्रार्थनागृहात. जिथे सिस्टर अल्देगोंडासमोर आपण श्वास रोखून उभ्या असायचो, तिथे आता तो सोडायला शिकवतात. चटईवर उताणं पडायचं, पोटावर हात ठेवायचा आणि आयुष्यातल्या प्रत्येक ताणाला निरोप द्यायचा. मी माझ्या ताणांना नावानिशी निरोप द्यायला लागले, तेव्हा आनलोट म्हणाली, "तोस, मनातल्या मनात दिला तरी चालतो."

पण मी खरंच सुधारले गं. जुनं चीज सोडलं, मीठ सोडलं, रोज कालव्याकाठी फिरले. नगरपालिकेने आमचा रस्ता पुन्हा उकरला, मी गप्प. जावई माझ्याच दारात गाडी आडवी लावून मलाच म्हणाला, "शांत राहायचं हं, आई." मी गप्प. (जिभेवर आलं की आपली एक काळी गोळी तोंडात टाकायची, म्हणजे तोंड बंद.) आणि एवढं करून रक्तदाब वरच! मी जितकी गोड होत गेले, तितका तो चढत गेला. "म्हणजे आत खूप साचलंय," आनलोट म्हणाली. हेडविगचं निदान आणखी सोपं: "आई, तू मनात भांडतेस."

तिसऱ्या खेपेला डोळ्यांची डॉक्टर नवी होती. तिकडे उत्तरेकडच्या फ्रीसलंडची, उंच, ताठ पाठीची. पट्टा आवळला, आकडा पाहून भुवया वर. मला बरंच काही सुनवायचं होतं, पण मी शहाण्यासारखी गप्प बसले. तिने माझ्या गालाकडे पाहिलं.

"तोंडात काय आहे?"

गोनी, मी एकदम आठ वर्षांची झाले. गोळी आपोआप तळहातावर आली.

"ज्येष्ठमधाची आहे," मी म्हणाले. "खारी."

"मीठ सोडलंय म्हणालात ना?"

"ते मीठ कुठे? तो खाऊ आहे."

"रोज किती खाता?"

"एखादी."

"एखादं पाकीट," हेडविगने मागून साक्ष दिली. "हल्ली राग आला की टाकते तोंडात. आणि राग तर तिला सकाळपासूनच येतो."

डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे टेकल्या. "अहो बाई, ज्येष्ठमधाने रक्तदाब चढतो. गोड असो की खारा. तुम्ही राग दाबायला जे घेताय, तेच चढतंय तुम्हाला!"

मी तिथेच रडले. हेडविगही रडली, पण तिला हसू आवरत नव्हतं म्हणून. गोळ्या बंद केल्या आणि महिना-दीड महिन्यात रक्तदाब उतरला. उजवा डोळा झालासुद्धा. पट्टी काढल्यावर पहिल्यांदा काय दिसलं, तर चर्चच्या घड्याळाचे काटे. चालू होते. (ते बंद पडलंय म्हणून मी नगरपालिकेला तीन तक्रारी लिहिल्या होत्या.)

तेव्हा माझा स्वभाव निर्दोष ठरला. तोंडात गोळी नसल्यामुळे इतके महिने राहिलेलं सगळं मी एका आठवड्यात ज्याचं त्याला पोचवलं. जावयाने गाडी हलवली. गुरुवारी चटईवर उभी राहून आनलोटला, माझ्या आत काय साचलं होतं, ते सगळ्या वर्गादेखत सांगितलं आणि निघून आले. इतकं हलकं वाटलं म्हणतेस!

तुझी ताई,
तोस

ता. क. डावा डोळा पुढच्या महिन्यात आहे. तो होईपर्यंत किल्ली मिळणार नाही म्हणे.

आणखी एक (हे नवऱ्याला वाचून दाखवू नकोस). काल घरी रक्तदाब मोजला. थोडा चढलाय. घरात एकही गोळी नाही, हेडविगने उशीखालीसुद्धा पाहिलं. डॉक्टरीणबाईंना फोन केला, तर विचारतात, झोप कशी आहे, कोणाशी काही झालंय का. आता तुला म्हणून सांगते, त्या चटईवर मला दर गुरुवारी लहान मुलासारखी झोप लागायची आणि रात्रीपर्यंत कोणाचाही राग यायचा नाही. तू आनलोटला फोन कर. माझ्या वतीने माफी मागायची नाही. पण फोन ठेवल्यावर तिला मागितल्यासारखं वाटलं पाहिजे. आणि गुरुवारच्या आत कर.