पास्कोलच्या नावाची घंटा

बाप, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने. मी दोमिंगाबाई, मयत इनास जुझे परेरा यांची विधवा, वय साठीच्या पुढे, काम देवळात घंटा वाजवण्याचे, राहणार ठाणे, तलावालगतची ख्रिस्ती वाडी, हे माझे शेवटचे म्हणणे लिहून ठेवते. माझे शरीर थकले आहे, पण डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा जुलूम नाही. मला अक्षर येत नाही. मी बोलते आणि नौपाड्याचे श्रीपाद हरी लेले लिहितात. ते मधून मधून म्हणतात, "बाई, हे मृत्युपत्रात लागत नाही." मी म्हणते, लिहा. मेल्यावर मला कोण विचारणार आहे?

कलम पहिले. देह देवळाच्या आवारात, माझ्या नवऱ्याशेजारी ठेवावा. बँडबाजा नको. जेवणात पाहुण्यांना ताडी द्यावी, पण प्रार्थनेनंतर.

कलम दुसरे. घर. हे घर माझ्या सासऱ्याचे. त्याचे दोन मुलगे, थोरला माझा इनास आणि धाकटा पास्कोल. ओटीच्या मधोमध जी कुडाची भिंत आहे ती सासऱ्याने घातलेली नाही, पास्कोलने घातली. ती का घातली ते कळल्याशिवाय पुढचे कलम कळणार नाही, म्हणून सांगते.

इनास देवळात घंटा वाजवी आणि उरलेल्या वेळात माडावर चढून माडी काढी. एका पावसाळ्यात तो माडावरून पडला आणि उजवा खांदा कायमचा गेला. सकाळची घंटा कोण देणार? मी त्याच्याबरोबर देवळाच्या घंटेच्या बुरुजात गेले. तो भिंतीला टेकून बसला आणि मी दोर धरला. पहिल्या दिवशी मी गाय ओढावी तसा दोर ओढला. तो हसला. म्हणाला, "ओढू नको गं. तिला जाऊ दे. परत येते तवा धर." तेवढेच शिक्षण. संध्याकाळची आमोरीची प्रार्थना तीन-तीन ठोक्यांची, लग्नाला दोन्ही घंटा पळत्या, आणि मयताला मोठी एकटी, इतकी सावकाश की मागला ठोका पुरता विरल्यावर पुढला. हे त्याने मला खाली बसून शिकवले. पाद्रीबाबांना कळले तेव्हा त्यांनी ते तसेच चालू दिले. घंटा वेळेवर होत होती.

इनास वारला तेव्हा त्याची मयताची घंटा मीच वाजवली. दुसऱ्या रविवारी पास्कोल पाद्रीबाबांकडे गेला. "बाईमाणूस बुरुजात चढते, लोक आमाला हसतात. भावाचं काम भावाला मिळायला पायजे." काम त्याला मिळाले. पण तो मिठागरावर जाई, भरतीच्या वेळा त्याच्या हातात नव्हत्या. कधी सकाळची घंटा उन्हे आल्यावर होई, कधी होतच नसे. होळीनंतर पाद्रीबाबांनी मला बोलावून दोर परत दिला. त्याच आठवड्यात ओटीवर कूड उभा राहिला. पास्कोलने बायकोला, रेजिनला, आणि पोरांना सांगितले, त्या बाजूला पाऊल टाकायचे नाही. तिने नवऱ्याचे ऐकले. मी तिला दोष देत नाही. पण तिची मोनिका जन्मली तेव्हा कुडापलीकडे ती रात्रभर विव्हळत होती आणि मी अलीकडे पाणी तापवून बसले होते. कोणी हाक मारली नाही. पाणी निवले.

मग प्लेग आला. शहर ओस पडले, लोक शेतात झोपड्या बांधून राहिले. सुरुवातीला मी प्रत्येकासाठी घंटा दिली. थोड्याच दिवसांत पाद्रीबाबा म्हणाले, "दोमिंगा, आता मयताची घंटा बंद. आजारी माणसं अंथरुणात ऐकतात आणि आशा सोडतात." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. माझा शेजारी विश्राम भोईर हिंदू, पण त्यानेही मला तेच सांगितले होते: "बाय, तुजे घंटेवर मी बैल सोडतंय. आता ती वाजली का घरातली माणसा मोजतंय." मी बंद केली.

एका दुपारी रेजिन बुरुजाच्या दारात आली. इतक्या वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

"जाऊबाय, तो गेला."

"कधी?"

"सकाळी. संध्याकाळी मातीत घालतील." ती आत आली नाही. "त्याला घंटा नाय का?"

"पाद्रीबाबांनी मना केलंय, रेजिन."

"मंग तसाच जाईल? गुरासारखा?"

या माणसासाठी मी मनात पुष्कळ शब्द साठवले होते. ते तेव्हा आठवेनात. मला तो लहान दिसला, लग्नाच्या वरातीत माझ्यापुढे नाचणारा, माझा दीर. मी इनासची घोंगडी घेतली, वर चढले आणि मोठ्या घंटेच्या आत लोंबणाऱ्या लोळीला ती घट्ट गुंडाळून बांधली. खाली येऊन दोर धरला. घंटा वाजली, पण कोणी स्वतःच्या छातीवर हात मारावा एवढीच. बुरुजाबाहेर पारवेही उडाले नाहीत. रेजिन उंबऱ्यावर बसून ऐकत होती.

पाद्रीबाबा धावत आले. "हे काय? मी काय सांगितलं होतं?"

मी हात थांबवला नाही. म्हटले, "आजाऱ्यांना ऐकू जात नाय, बाबा. जिचं माणूस गेलंय तिलाच जाते."

त्यांनी रेजिनकडे पाहिले, डोक्यावरची टोपी काढली आणि घंटा संपेपर्यंत उभे राहिले. त्या दिवसापासून प्लेगात गेलेल्या प्रत्येकाला ती घोंगडीतली घंटा मिळाली. घरचे बुरुजात येत, ऐकत, आणि माती द्यायला जात.

साथ सरल्यावर मी घोंगडी सोडली. पहिली मोकळी घंटा एका लग्नाची झाली. तलावापलीकडची माणसेसुद्धा दारात आली.

तर घर. माझ्या बाजूचे अर्धे घर, परसातल्या फणसासकट, पास्कोल व रेजिन यांची मुलगी मोनिका हिला द्यावे. माझी बोटे वाकली तेव्हापासून दोर तिच्याच हातात आहे. कूड ठेवावा की पाडावा ते तिने ठरवावे.

कलम तिसरे. माझ्या कानातल्या सोन्याच्या कुड्या रेजिन हिला.

कलम चौथे. कोंबड्या विश्राम भोईर यास. त्याच्या शेळीने माझा शेवगा दोनदा मुळापर्यंत खाल्ला. त्याला मी माफ केले. शेळीला नाही. घंटा देवळाची आहे, ती मला कोणाला देता येत नाही. पास्कोलवर माझे काही येणे उरले नाही.

येथवर लिहून झाल्यावर लेले यांनी सर्व वाचून दाखवले. साक्षीला विश्राम आणि रेजिन बसले होते. लेले म्हणाले, "रेजिनबाईंची साक्ष चालणार नाही, विश्रामचीही नाही. ज्याला देणगी त्याने साक्ष केली तर देणगी रद्द होते. दुसरं कोणी बोलवा."

रेजिन म्हणाली, "मंग माजं नाव कापा."

मी म्हटले, "अगं, माझ्या कुड्या आहेत. लग्नातल्या."

"मोनिकाला द्या. मला साक्षच करायची हाय."

लेले यांनी तिला पुन्हा समजावले. ती ऐकेना. म्हणून कलम तिसरे बदलून कुड्या मोनिका हिला दिल्या आहेत. ही दुरुस्ती माझ्या मर्जीने झाली. मर्जीने म्हणजे, तिच्या हट्टापुढे.

हे मृत्युपत्र मी ऐकले, समजले, आणि सर्वांदेखत खाली खूण केली. ठाणे, तारीख १२ नोव्हेंबर १८९९.

✝ दोमिंगाबाई इनास परेरा, हातची खूण.

लिहिणार: श्रीपाद हरी लेले, नौपाडा.

साक्ष: विश्राम धोंडू भोईर, अंगठा. साक्षीसाठी कोंबड्यांवरचा हक्क सोडला. शेळी माझीच, हे कबूल.

साक्ष: ✝ रेजिन, पास्कोल परेरा याची विधवा. जाऊबाईने माझ्या नवऱ्याविषयी सांगितले ते सर्व मी समोर बसून ऐकले. ते खरे आहे.